हिम्मतरावाचं पालटलेलं रक्त

काचीगुड्याच्या त्या गल्लीत सकाळपासून मुंगी शिरायला जागा नव्हती. पालटमहाराज येणार होते! बी गटाचं रक्त ज्यांनी नुसत्या विभूतीनं ओ करून टाकलं, ते महाराज. आणि ज्याचं केलं, तो हिम्मतराव तोंडाला मास्क लावून खिडकीच्या जाळीमागं, पिंजऱ्यातल्या पोपटासारखा बसलेला. लोक नारळ घेऊन त्याचंच दर्शन घेत होते.

"दूर व्हा हो, मला जंतू चालत नाहीत!" तो आतून ओरडे. ऐकतो कोण?

रक्ताच्या कॅन्सरवर उन्हाळ्यात त्याचा बोन मॅरो, म्हणजे हाडांतला मगज, बदलला होता. तेव्हापासून ही एकच खोली, उकळलेलं पाणी आणि गोळ्या. नवा मगज जुन्या अंगाशी भांडू नये म्हणून त्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि विम्यानं नेमक्या त्याच अडवल्या! "कार्डावर रक्तगट बी, रिपोर्टात ओ. हा पेशंट दुसराच कुणीतरी दिसतो," काउंटरवरचा माणूस म्हणाला. कार्ड बदलून घ्यावं, तर आंध्र-तेलंगणाची वाटणी सुरू. सरकारी नोकर हिम्मतराव आता कुठल्या राज्याचा कर्मचारी हेच ठरेना, मग नवं कार्ड देणार कोण? म्हणजे विम्याच्या लेखी तोतया, गल्लीच्या लेखी चमत्कार. जिवंत माणूस मात्र मधल्यामधे अडकलेला.

"अगं, गट बदलेल हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं," त्यानं बायकोला, तारामतीला, कितीदा समजावलं.

"सांगितलं असेल. पण महाराजांनी तर मगज बदलायच्या आधीच, न विचारता ओळखलं की! ते म्हणतात, रक्तच नवं झालं, आता गोळ्या कशाला? नाहीतरी विमा देतोय कुठं?" म्हणता म्हणता ती रडायलाच लागली. विम्याच्या चकरा मारून बिचारी परेशान झाली होती.

आज मिरवणुकीनं कुकटपल्लीच्या मैदानावर जायचं, हजारो लोकांत मास्क काढायचा आणि उरल्यासुरल्या गोळ्या वाट वाकडी करून मुसी नदीत सोडायच्या, असं ठरलेलं. दारात पालखी, आणि पळावं तर पायांत जीव नाही. काल त्यानं चोरून नांदेडला बहिणीला फोन केला होता. "इंदू, ये गं. हे लोक मला मारतील."

महाराज आले. "बच्चा! हमने खून पलट दिया, तकदीर क्या चीज है!" त्यांनी हात उंचावले. "सुई थकली, मशीन थकली, डॉक्टर थकले! मी फक्त एक फुंकर मारली!"

शिष्यानं जाळीतून हिम्मतरावाचं बोट टोचलं, काचेवर दोन थेंब घेतले, त्यांत तपासणीची दोन औषधं टाकली, एकात ए ओळखणारं, दुसऱ्यात बी ओळखणारं. "बघा! गुठळी ना इकडं, ना तिकडं. ओ! पक्का ओ!" जयजयकारानं गल्ली दणाणली.

"सरका, सरका!" स्टेशनवरून थेट आलेली इंदुताई पिशवीसकट गर्दीत घुसली. शिष्यापुढं तिनं बोट धरलं. "माझंही बघा की."

शिष्य चाचरला, पण एवढे लोक बघत होते. त्यानं टोचलं. गुठळी ना इकडं, ना तिकडं.

"ओ," इंदुताई म्हणाली. "जन्मापासून ओ. मला कुणी फुंकर मारली नव्हती! अहो, दादाचा मगज औषधांनी जाळून टाकला आणि माझ्या कमरेच्या हाडातला काढून त्याला दिला. रक्त मगजातच तयार होतं. मग गट कुणाचा येणार? देणाऱ्याचाच ना?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"पण ताई, महाराजांना आधीच कसं कळलं?" नारळ घेऊन आलेल्या म्हाताऱ्या एकनाथरावांनी विचारलं.

इंदुताई भावजयीकडं वळली. "वैनी, पहिल्यांदा दर्शनाला गेलात, तेव्हा रांगेत कुणाशी बोललात?"

"कुणाशी नाही बाई. तो एक ताक वाटणारा... फार मायेनं विचारत होता. मी म्हटलं, वन्संचा मगज घालणार, त्यांचाच ओ गट येईल म्हणतात..." तारामतीनं शिष्याकडं पाहिलं. ताक वाटणारा तोच होता.

"महाराज, आता माझं रक्त बी करून दाखवा," इंदुताई म्हणाली. "नाहीतर स्वतःचं करा. सुई आहेच."

"अविश्वासू लोकांत शक्ती चालत नाही!" महाराजांनी बोटं झग्यात लपवली आणि पालखी सोडून चालत निघाले. नशीब पालटणारा माणूस एका सुईला भ्याला!

"मीच सांगितलं, आणि मीच चमत्कार मानला!" तारामती कपाळावर हात मारून रडली. मग साबणानं हात धुऊन तिनं नवऱ्याला गोळी दिली. हिम्मतरावालाही रडू आवरेना.

"दादा, उद्या डॉक्टरांचं पत्र घेऊन विम्यात मी जाते," इंदुताई म्हणाली. "तू मात्र अजून आतच. ते खरंच गरजेचं आहे."

"ताई, साक्षात देवी आहात तुम्ही!" एकनाथराव तिच्या पायांशी वाकले.

ती झटकन मागं सरली. "घ्या! महाराज गेले, आता मला बसवता होय? उठा काका. माझा मगज जुळला, म्हणून दिला. रक्तपेढीत पोरांना पाठवा, त्यांचंही रक्त कुणाच्या तरी कामाला येईल. आणि पुन्हा कुणी तुमच्या मनातलं ओळखलं, तर हात जोडायच्या आधी एवढं आठवा, हे आपण सांगितलं कुणाला?"