कुमुदकाकूंची वाटी

नेपियर टाउनमध्ये मी कुमुदकाकूंची खालच्या मजल्यावरची भाडेकरू. किडनीच्या आजारांवर संशोधन करते, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी मला माणसांची डॉक्टर ठरवलं आणि मीही ठरवू दिलं, कारण दर गुरुवारी वरून भाजीची वाटी येऊ लागली. या शहरात घरचं म्हणून मला तेवढंच मिळायचं.

मागच्या आठवड्यात त्या काकांच्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या. वाचता वाचता मी खरं सांगून टाकलं, "काकू, मी जनावरांची डॉक्टर. कत्तलखान्यातून डुकरांच्या किडन्या आणते आणि विषाणूमुळे खराब झाल्यात का, ते तपासते."

"डुकराच्या? आधी काहून नाही सांगितलं?" त्यांनी माझ्या हातातून कागद ओढून घेतला आणि तडक वर निघून गेल्या.

या गुरुवारी वाटी आली नाही. आधीची माझ्याकडेच होती. रिकामी कशी परत करायची, म्हणून शिरा केला आणि वर गेले. काकूंनी दार अर्धंच उघडलं.

"राहू दे, बेटा. वाटी पण ठेव तुझ्याकडेच."

दार लागलं. शिरा तर निमित्त होतं. रिपोर्टमध्ये मी पाहिलं होतं, काकांच्या किडन्या बिघडत चालल्यात; त्यांना लगेच डॉक्टरकडे न्या, एवढं सांगायचं होतं. मी पुन्हा बेल वाजवली. आत टीव्हीचा आवाज वाढला.