उपासाची गव्हाण

मित्रांनो, झाड तोडलं की लाकूड मुकं होतं, असं तुम्हाला वाटत असेल. तसं नसतं. मी एक जुनी गव्हाण. बाभळीच्या लाकडाची, दोन ठिकाणी चिरलेली, मेंढ्यांच्या मानांनी घासून घासून कडेला गुळगुळीत झालेली. गव्हाण म्हणजे जनावराचं ताट. आणि कोण पोटभर जेवून उठलं, कोण उपाशी उठलं, हे ताटाइतकं दुसऱ्या कुणाला कळतं?

कवठे महांकाळच्या अलीकडे एका कोरड्या ओढ्याच्या काठी माझा जन्म झाला. अंगावर सुगरणीचे खोपे झुलायचे. चैत्रात शेंगा वाळल्या की शेरडं-मेंढरं माझ्या पायाशी गर्दी करायची. पुढं आकाराम सुतारानं मला तोडलं. माझ्यावर रंधा फिरवताना तो म्हणाला, "वरनं काटा, पर आतनं कशी लोखंडावानी हाय बघ! तुला वाळवी न्हाई लागायची." त्यानं माझी गव्हाण केली आणि बैलगाडीत घालून मला सांगलीला धाडलं.

सांगलीत एक कॉलेज होतं, मुंबईच्या विद्यापीठाला जोडलेलं. त्याच्या मागं पत्र्याची एक लांबडी शेड होती. एका टोकाला सशांचे पिंजरे, दुसऱ्या टोकाला मेंढ्यांची दावण. विद्यार्थ्यांना शिकवायला आणि नवं काही शोधून काढायला ही जनावरं पाळत. कामापुरतं सगळ्यांना त्यांची आठवण असे. दिवाळीची सुट्टी लागली की मुलं घरी जात, मास्तर घरी जात, दाराला कुलूप लागे. जनावरांच्या पोटाला सुट्टी नसते, हे कुणाच्या ध्यानात येत नसे. एका सुट्टीनंतर दार उघडलं तेव्हा सशांच्या पिंजऱ्यांत काहीच हाललं नाही. पाण्याच्या वाट्या कोरड्या होत्या आणि तारेवर दातांच्या खुणा होत्या. ते पिंजरे माझ्यासमोरच धुतले गेले.

त्यानंतर शेडला राखणदार आला. त्याचं नाव केरबा. माणदेशातला धनगर. डोक्याला मळकं मुंडासं, खांद्यावर घोंगडं. आल्या आल्या त्यानं शेडच्या कोनाड्यात शेंदूर लावलेला एक गोटा मांडला. हा त्याचा बिरोबा. मग त्यानं दाव्यांच्या गाठी सैल केल्या, मुतानं ओला झालेला केर उपसला आणि पत्र्यावर उसाचं पाचट पसरून शेड गार केली. जनावरांनी त्या दुपारी पहिल्यांदा निवांत रवंथ केला.

शेडचे मुख्य होते प्राध्यापक आदगोंडा पाटील. जैन शेतकऱ्याच्या घरातले, अंगानं सडपातळ, बोलणं हळू. मुंगी दिसली तर पाऊल उचलून पलीकडं टाकणारा हा माणूस. जनावराचे हाल त्यांना बघवत नसत. म्हणून, मित्रांनो, ते बघतच नसत! दारात उभं राहायचे, तिथूनच विचारायचे आणि तिथूनच परत जायचे. माझ्यापर्यंत त्यांचा हात कधी पोचला नाही.

ते लढाईचे दिवस होते. माणदेशात पाऊस तोंड फिरवून बसला होता. वैरण मिळेना. पाटील साहेबांच्या मनात आलं, आपल्या कृष्णाकाठी गुऱ्हाळांवर उसाच्या चिपाडाचे ढीग पडतात. त्याचा भुगा करून वर काकवीचं पाणी शिंपडलं, तर मेंढरं जगतील का? जगली, तर दुष्काळी मुलखाचं केवढं दुःख हटेल! हेतू सोन्यासारखा होता.

मेंढ्या केरबाच्याच बहिणीच्या कळपातून आल्या. त्यांत भोरी नावाची एक होती. तांबूस तोंडाची, लाडावलेली, माणसाच्या खिशात तोंड घालणारी. काही मेंढ्यांना पलीकडच्या गव्हाणीत कडबा आणि पेंड, आणि भोरीच्या बाजूला, म्हणजे माझ्यात, निव्वळ चिपाड. साहेबांनी दारातून केरबाला समजावलं.

"केरबा, असं समज, या अलीकडच्या मेंढ्यांचा उपास आहे. चिपाडाखेरीज काही नाही."

"उपास व्हय?" केरबाचा चेहरा उजळला. "मग कळलं सायेब. मगाधरनं तुमी परयोग परयोग म्हनत हुता, मला वाटलं करणी-बिरणी करताय का काय!"

साहेब हसले. केरबाही हसला. एकच शब्द दोघांनी उचलला आणि दोघं दोन वाटांनी गेले. हा प्रयोग कशासाठी, त्याच्या निकालावर कुणाचं काय ठरणार, हे साहेबांनी सांगितलं नाही. केरबानं विचारलं नाही.

मी उपासाची गव्हाण झाले. सकाळी माझ्यात चिपाड पडे. काकवीच्या वासानं मेंढ्या धावत, चार घास घेत आणि मग मान वर करून केरबाकडं बघत राहत. थोड्याच दिवसांत त्यांच्या कण्याचे मणके वर आले. भोरी माझ्या कडेवर हनुवटी टेकून उभी राही. तिचा ऊन ऊन श्वास माझ्या चिरांमधून आत शिरे. केरबा तिच्या कपाळावर हात ठेवून बहिणीची ओवी गुणगुणे,

*मुका बांधिला दावणी, त्याची भूक कोण जाणं*
*त्याच्या डोळ्याच्या पाण्यात, धनी बघितो चांदणं*

मग एका सांजेला तो नदीकाठच्या बाभळींखाली गेला आणि धोतराच्या सोग्यात वाळल्या शेंगा घेऊन आला. आधी बिरोबापुढं ठेवल्या, हात जोडले आणि मग उपासाच्या प्रत्येक मेंढीला एक एक ओंजळ माझ्यात वाहिली. "घ्या बायांनो, परसाद हाय." मेंढ्यांनी शेंगांचा कुरुम कुरुम फडशा पाडला. किती दिवसांनी मला माहेरचा वास आला!

त्या दिवसापासून रोज सांजेला प्रसाद होऊ लागला. केरबाच्या मनात चोरी नव्हती, मित्रांनो. त्याची आई नवरात्रात उपास करी, आणि देवळातला प्रसाद हातावर आला की कपाळाला लावून तोंडात टाकी. प्रसादानं उपास मोडत नाही, हे तो आईच्या दुधाबरोबर शिकला होता.

मेंढ्यांचे मणके पुन्हा मांसात बुडाले. भोरीच्या लोकरीला चकाकी आली. साहेब दारातून विचारत, "केरबा, चिपाडाखेरीज काही नाही ना?"

"न्हाई सायेब. उपास म्हंजी उपास!"

एकदा तर साहेबांच्या वहाणेखाली बाभळीचं बी आलं. उंबऱ्याशी वाकून त्यांनी ते उचललं. माझा जीव लाकडात धडधडला.

"हे इथं कुठलं रे?"

"परसाद हाय त्यो. बिरुबाचा."

साहेबांना वाटलं, केरबाच्या पूजेतलं काही असेल. दुसऱ्याच्या देवाची चौकशी कशी करावी! त्यांनी ते बी अदबीनं केरबाच्या तळहातावर ठेवलं. "सांभाळून ठेव. पायाखाली येतंय." ते गेले. चार पावलं आत टाकली असती आणि माझ्या कोपऱ्यात हात घातला असता, तर मूठभर बिया लागल्या असत्या.

प्रयोग यशस्वी ठरला. साहेबांचं कौतुक झालं. ते स्वतः दहिवडीच्या बाजाराला जाऊन आले. लोकांना सांगितलं, चिपाडावर मेंढरू जगतं, आम्ही करून पाहिलंय. गुऱ्हाळांवरून चिपाडाच्या गाड्या माणदेशाकडं निघाल्या.

दुष्काळात धनगर काय करतो? वाट धरतो. बिऱ्हाड घोड्यावर लादून, कळप घेऊन, हिरव्या मुलखाकडं उतरतो. केरबाची बहीण मनुबाई दर साली दिवाळी झाली की निघायची. तिचा नवरा पलटणीत, ब्रह्मदेशाकडं. एकट्या बाईला ती वाट जड. त्या साली तिनं लोकरीच्या एका व्यापाऱ्याकडून भावाला निरोप धाडला. व्यापारी शेडच्या दारात उभा राहून म्हणाला, "केरबा, तुजी भन विचारतीया, चिपाडाचं खरं का खोटं? वाट धरू का ऱ्हाऊ?"

केरबानं भोरीच्या पाठीवर थाप मारली. "ही काय, डोळ्यादेखत गब्बू झालीया. ऱ्हा म्हनावं. उगं कशाला पाय तोडायचं?"

मी ओरडले असते. पण गव्हाणीला तोंड मोठं असतं, आवाज नसतो.

पौष सरला, माघ लागला. बाभळींच्या शेंगा वाळून गळायला अजून अवकाश होता. एका दुपारी मनुबाई शेडच्या दारात येऊन उभी राहिली. पायांना भेगा, ओठ पांढरे, पदर डोक्यावरून घसरलेला. साहेब नेमके दारात होते.

"कोन पाटील सायेब?"

"मीच. काय हवंय बाई?"

"तुमची मेंढरं बघाय आलीया."

ती थेट आत आली. भोरीनं वास ओळखला आणि 'ब्यां' करून तिच्या ओच्यात तोंड घातलं. मनुबाईनं तिचा कणा चाचपला, बरगड्या चाचपल्या, पापणी उलटून बघितली. मग माझ्यातलं मूठभर चिपाड उचलून दारात उभ्या साहेबांपुढं नेऊन धरलं.

"हेच खाऊन ही अशी झाली?"

"हो. हेच."

"मग तुमच्या चिपाडात काय हाय त्ये मला दावा. हिच्या भनी माझ्या माळावर ह्योच भुगा खाऊन मेल्या. पोटं टम्म, आन अंगावर कातडं. रवंथ थांबला की खाली बसायच्या, बसली की उठायची न्हाई. रोज सकाळी वाघराच्या जाळीतनं वढून काढत हुते. आज वाघर मोकळं हाय."

साहेबांचा चेहरा उतरला. "पण... चिपाड तेच आहे. त्याच गुऱ्हाळाचं."

"मग माझी मेली कशी?"

केरबा कोनाड्यापाशी उभा होता. त्याच्या हातात गेल्या उन्हाळ्यात साठवलेल्या शेंगांचं गाठोडं होतं.

"मने," तो म्हणाला, "मी निस्ता सांच्याला परसाद दीत हुतो."

"कसला परसाद?"

त्यानं गाठोडं सोडलं. बाभळीच्या शेंगा जमिनीवर सांडल्या. मनुबाईनं त्यांतली एक उचलून भोरीपुढं धरली आणि भोरीनं ती कुरुम कुरुम खाल्ली. साहेबांची नजर शेंगांवरून केरबाकडं गेली.

"केरबा, मी उपास म्हणालो होतो."

"व्हय सायेब. उपासच केला की त्यांनी! परसादानं उपास मोडतो व्हय?"

साहेब शेडमध्ये आले. पहिल्यांदाच. लेंड्यांत, ओल्या केरात, पांढऱ्या धोतरासकट माझ्याशेजारी बसले.

"आमच्यात मोडतो, केरबा," ते म्हणाले. "माझी आई उपासाला बसली की उकळून गार केलेल्या पाण्याशिवाय काही ओठाला लावत नाही. मला वाटलं, उपास सगळीकडं तसाच असतो."

केरबानं एकदा साहेबांकडं पाहिलं, एकदा बहिणीकडं. आपण काय निरोप धाडला होता, हे त्याच्या डोळ्यांत हळूहळू उतरत गेलं. त्यानं मुंडासं काढलं आणि त्यात तोंड खुपसलं. मनुबाई रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी दोघंबी लय मायाळू. ह्येला हितं बघवलं न्हाई, तुमाला दारातनं बघवलं न्हाई. तुमच्या मायेखाली माझा कळप गेला. आवं, येवढ्या दिसांत तुमी दोघं एकमेकांशी बोलत तरी काय हुता?"

दुसऱ्या दिवशी साहेब माणदेशात गेले. ज्या बाजारात शाबासकी घेतली होती, त्याच बाजारात उभं राहून चूक झाली म्हणून सांगितलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी ऐकून घेतलं. काही कळप वाचले. बरेच नाही वाचले. प्रयोग रद्द झाला. "पुन्हा नीट करून बघा" असंही कुणी सुचवलं होतं, पण साहेब म्हणाले, "मेंढ्या मेल्या की उत्तर मिळतं, हे माळावर कळलंय. आता तेच उत्तर पुन्हा कशाला विचारायचं?"

भोरीचं दावं साहेबांनी मनुबाईच्या हातात दिलं. केरबाही घोंगडं उचलून निघाला. बहिणीनं त्याला दारातच अडवलं.

"तू कुठं? तितं राखाय काय ऱ्हायलंय? हितलं मुकं जीव कुनाच्या भरवशावर टाकतूस?"

ती भोरीला घेऊन गेली. केरबा राहिला. त्यानंतर त्याच्या तोंडून ओवी मी कधी ऐकली नाही.

साहेब मात्र रोज येऊ लागले. आता दारात थांबत नसत. सुट्टीतही येत. वाकून माझ्यात हात घालत, तळ चाचपत, मेंढीच्या बरगड्यांवरून बोटं फिरवत. एखादी कण्हत असली तरी मान वळवत नसत. कुठल्या जनावरावर काय करायचं आणि कशासाठी, हे आधी केरबाला सांगत. न सोसणारं असेल तर केरबा म्हणे, "न्हाई सायेब, ह्ये नगं." मग ते तासन् तास वाद घालत. आणि रोज जाताना विचारत, "आज काय काय खाल्लं यांनी? प्रसादासकट सांग."

मित्रांनो, आता ते दोघंही नाहीत. मी आहे, अजून वाळवी लागलेली नाही. तुमच्यातलं कुणी उद्या मोठं होईल, शिकेल, जनावरांवर प्रयोग करील. त्यातून जगाचं भलंही होईल. पण दावणीचा जीव तुमच्या भल्यासाठी बांधलेला आहे, हे विसरू नका. बघवत नाही म्हणून पाठ फिरवू नका. ज्याला बघवत नाही त्यानंच आधी बघावं. आणि त्या मुक्या जिवाला चारा घालणाऱ्या माणसाशी पोटभर बोला. मेंढी मुकीच असते, बाळांनो. तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या माणसांनी तरी मुकं राहू नये.