पुड्यांतला खडक

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली, एका रविवारी बिराप्पा माझ्या विश्रामबागेतल्या खोलीवर आला आणि त्याने टेबलावर कागदाच्या सहा पुड्या मांडल्या. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवत असे. तो जतकडच्या धनगराचा मुलगा, माझ्या हाताखाली पहिल्या वर्गात पास झालेला. साताऱ्याच्या एका बोअरिंगवाल्याने त्याला महिन्याच्या बोलीवर घेतले होते.

“सर, औंधजवळ बोअर चाललंय. दर धा फुटाला असा भुगा वर येतोय. खाली कुठला खडक हाय ते त्यावरनं लिवायचं. उद्या साहेब बघणार. जमलं तर कायम करतील.”

मी भिंग घेतले. काळा भुगा, करडा भुगा, तांबूस भुगा. आमच्या प्रयोगशाळेत मुठीएवढे दगड असत आणि प्रत्येकावर आकडा. मुले आकडे पाठ करत, हे मला ठाऊक होते; तरी मी गुण देत असे. भुगा मी कधी पाहिलाच नव्हता.

“बेसाल्ट असावा,” मी म्हणालो.

“साही पुड्यांत?”

“बहुधा.”

त्याने तसेच लिहिले. दुसऱ्या दिवशी मीही साताऱ्याला गेलो. चूक निघालीच तर ती मुलाची नाही, अभ्यासक्रमाची आहे, असे साहेबांना सांगायचे होते. एसटीत वाक्ये जुळवली.

साहेबांनी कागद वाचला आणि बोअरचे मशीन चालवणाऱ्या लालासाहेबाला हाक मारली. हा पेन्शनीतला फौजी. त्याने भुगा ओल्या तळव्यावर चोळला.

“ह्यो कातळ, कोरडा ठाक. ह्यो मांजऱ्या, ह्यात पानी गावतं. आन् ही तांबडी, हितं भोक ढासळतं. आवं मास्तर, ह्ये शिकिवत न्हाई व्हय तुमी?”

“ह्याला लिहिता येत नाही, म्हणून पदवीवाला घेतला,” साहेब म्हणाले.

“अभ्यासक्रमात नाही ते,” एवढेच माझ्या तोंडून निघाले.

“मग बदला की!” लालासाहेब म्हणाला.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळावर मी सहा वर्षे होतो. एकाही बैठकीत तोंड उघडले नव्हते.

बिराप्पाला महिना भरून जायला सांगितले. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “सर, एमएस्सी केली तर येईल का ह्ये?”

एमएस्सीला दगडांची कपाटे जास्त होती, एवढाच फरक. मी त्याला फॉर्म भरायची तारीख सांगितली.