पहाट नावाचा करडा

शेवटी करडा गेला आणि त्याच्या जागी काळा आला. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. कंपनीच्या दफ्तरी त्या दिवशी चाचणी झालेली नाही, काकू आलेल्या नाहीत, आणि न आलेल्या काकूंना दिलेले दोन टॉवेल कुठे गेले ते कुणी विचारत नाही.

तर काहीच घडलं नाही, ते असं.

कंपनी मोठी. फ्रिज, पंखे, वॉशिंग मशीन. वेबसाइट इतकी जुनी, की बनणं कधीच बंद झालेली एक इस्त्री तिच्यावर अजून 'लवकरच येत आहे' म्हणून झळकत होती. ती नव्याने उभी करणाऱ्या टीममध्ये एक पोरगा होता. त्याला सगळे फूटपट्टी म्हणत, कारण दोन अक्षरांमधली जागा जरा चुकली की त्याला जेवण जात नसे.

दोन वर्षं खपून त्यांनी डिझाइन सिस्टिम बांधली होती. म्हणजे बटण कसं, अक्षर केवढं, रंग कुठला, हे एकाच ठिकाणी ठरवायचं. तिथे बदललं की हजारो पानं मुकाट बदलतात. त्यातला अक्षरांचा फिकट करडा रंग फूटपट्टीचा. त्याने त्याचं नाव 'पहाट' ठेवलं होतं, आणि नुकत्याच बाप झालेल्या माणसासारखा तो मोबाइल काढून भेटेल त्याला दाखवायचा. आईला सोडून. "तुला नाही कळायचं गं," म्हटलं की विषय संपायचा.

चाचणीची रीत अशी: एजन्सी अनोळखी माणसं पाठवते, ती खोलीत बसून साइट वापरतात, टीम काचेआडून बघते. त्यांतलं कुणी टीममधल्या कुणाचं नातेवाईक निघालं तर चाचणी रद्द.

"ही शेवटची," टीमच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या बाई, म्हणाल्या. "ही पार पडली की तुझी पहाट पक्की."

दार उघडलं आणि ठेवणीतले कपडे घालून फूटपट्टीची आई आत आली. त्याला चहाचा ठसका लागला.

"काकू, कंपनीत तुमचं कुणी आहे का?" चाचणी घेणाऱ्या मुलीने विचारलं.

"छे. एक मुलगा आहे, पण तो कुठे असतो ते त्यालाच ठाऊक."

मुलगी हसली. "समजा, तुमचा फ्रिज बिघडलाय. तक्रार करायचीय. काय दिसतंय ते बोलत राहा."

"सगळंच दिसतंय. फार नीटनेटकं आहे हो. ज्याने केलंय त्याला घरचं वळण चांगलं असणार."

काचेआड मोठ्या बाई खूश झाल्या.

"वरची ओळ वाचता?"

आई पुढे झुकली, मागे सरकली, मान तिरकी केली. "आपलं मनःपूर्वक स्वागत आहे."

तिथे लिहिलं होतं: तुमची वॉरंटी संपली आहे.

मोठ्या बाईंना हसू फुटलं. फूटपट्टीने मात्र आपल्या शर्टाकडे पाहिलं. पांढऱ्या शर्टाची दोन बटणं पिवळ्या दोऱ्याने लावलेली होती. एकाने 'कुठला ब्रँड रे?' विचारलं, तेव्हा याने भाव खाल्ला होता. मग एकेक आठवायला लागलं. आईने पेपर बंद केला होता. बातम्यांत काय राम राहिलाय, म्हणाली होती. जिना उतरताना ती त्याचा हात धरायची. त्याला वाटायचं, लाडाने.

"हे बघा, सापडलं बटण," आई म्हणत होती. बोट नुसत्या कोऱ्या जागेवर. "लिहून घ्या, काही बदलायला नको."

"मनाचं वाचतात, पण आवडलंय ना त्यांना," मोठ्या बाई उठल्या. "पास."

तो गप्प बसला असता तर पहाट पक्की होती, तीही आईच्या आशीर्वादाने. तो उठून थेट त्या खोलीत गेला.

"आई, या बटणांचा दोरा कुठल्या रंगाचा आहे?"

"आपली ओळख नाही," आई म्हणाली. मग राहवेना. "पांढरा. मीच लावलीत की."

मुलीने पेन खाली ठेवलं.

"कधीपासून दिसत नाहीये?"

"मला काय धाड भरलीये? जरा सगळ्यावर साय धरल्यासारखं वाटतं, इतकंच. तू कामात होतास. म्हटलं, त्याची वेबसाइट उभी राहू दे एकदाची. डॉक्टर काय पळून जातोय?"

"मग इथे कशाला आलीस?"

"दोन वर्षं काय करतोयस ते बघावं म्हटलं, एजन्सीत नाव दिलं." तिने मांडीवरची पिशवी सावरली. "टॉवेलही देतात."

फूटपट्टीने कीबोर्ड ओढला. रंग जिथे ठरतात तिथे जाऊन पहाट पुसली आणि काळा भरला. अक्षरंही चांगली ठसठशीत केली. एका दमात सगळी पानं गडद झाली.

आईने डोळे बारीक केले. वेळ लागला. "तुमची... वॉरंटी... संपली आहे." तिने मान वर केली. "मेल्या, दारात आलेल्या माणसाशी असं बोलतात?"

"चाचणी रद्द," काचेपलीकडून माइकवर मोठ्या बाईंचा आवाज आला. थोड्या वेळाने, "रंग राहू दे."

तपासणीत मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, काढला की लख्ख दिसेल. आई त्यांनाही म्हणाली, मला काय धाड भरलीये.

दवाखान्यातल्या बाकावर बसून फूटपट्टीने कंपनीच्या सिस्टिममध्ये एक अर्ज टाकला. तो अजून तिथेच पडून आहे:

विषय: बदलाबाबत. 'मला काय धाड भरलीये' हे वाक्य सध्या सर्व आयांमध्ये वापरात असून, त्यामुळे आत काय बिघडले आहे ते बाहेर दिसत नाही. तरी सदर वाक्य मूळ ठिकाणीच बदलून तो बदल जगातील सर्व आयांना तात्काळ लागू करावा, ही नम्र विनंती.