पुडीचं पान

हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यापासून म्हातारा तोरोबाय दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून पडून होता. घास घेईना की बोलेना. सूर्यफुलाच्या बिया म्हणजे त्याचा जीव की प्राण, म्हणून बायकोनं, सायकालनं, ओश शहराच्या बाजारातून एक पुडी आणली. त्यानं बियांना हात लावला नाही, पण पुडीचा कागद मात्र उलगडला. कुठल्याशा जुन्या पुस्तकाचं पान होतं ते. एका मेंढपाळाची गाभण घोडी बर्फात हरवली होती आणि पान तिथंच संपलं होतं.

म्हातारा उठून बसला. पाच दिवसांत पहिल्यांदाच आपल्या हातानं वाटीभर शोरबा प्यायला. नर्सनं नाडी बघितली आणि चक्क हसली.

"अगं, पुढचं पान आण की!" म्हातारा बायकोला म्हणाला.

सायकाल धावतपळत बाजारात गेली.

"ते पुस्तक होय?" बियावाली म्हणाली. "सकाळीच फाडून संपलं, मावशी. लोक बिया मागतात, गोष्ट कोण मागतंय?"

मग मेल्या गिऱ्हाइकांच्या नावानं बोटं मोडत सायकाल दिवसभर टरफलांतून चुरगळलेले कागद वेचत फिरली. कुठं गणितं निघाली, कुठं जाहिराती. घोडी काही निघाली नाही.

संध्याकाळी तोरोबाय शोरब्याची वाटी हातात धरून दाराकडेच बघत होता.

"सापडली का गं घोडी?"

तिच्यानं नाही म्हणवेना. "सापडली. शिंगरासकट सुखरूप घरी आली."

"असं होय? मग संपलंच की."

त्यानं भरलेली वाटी खाली ठेवली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.