बाबांच्या हाताखालचा काळा ओटा

मित्रांनो, मी काळ्या दगडाचा जुना ओटा. डोंगरातून निघालो तेव्हा अंगाने अगदीच ओबडधोबड होतो. कारखान्यात कापून, घासून मला आरशासारखं चकचकीत केलं आणि चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात बसवलं.

त्या घरात स्वयंपाक बाबा करायचे. जन्मभर हॉटेलात आचारी होते. निवृत्त झाल्यावरही हातातला झारा सुटला नाही. मुलगा आणि सून कामावरून येईपर्यंत जेवण तयार असायचं. बाबा मला सारखे पुसायचे. पाहुणे माझी चकाकी वाखाणायचे आणि मी फुगून जायचो.

पुढे बाबा माझ्यावर पांढरा पंचा अंथरून भाजी चिरू लागले. मला राग आला. मग एकदा पाहिलं, काळ्या मुठीची सुरी माझ्या काळ्या अंगावर समोरच पडली होती आणि बाबा ती चाचपडत शोधत होते. त्यांची नजर अधू झाली होती, आणि त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. एका दुपारी मुठीआधी पातंच हाताला लागलं. बोटाला टाके पडले.

मुलगा घाबरला. आता स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, असं त्याने बाबांना बजावलं. स्वयंपाकाला बाई आली. बाहेरच्या खोलीत बसलेल्या बाबांना कांदा करपल्याचा वास आला की ते खुर्चीतून अर्धे उठायचे आणि पुन्हा खाली बसायचे. त्यांचं जेवणही तुटलं.

सुनेला ते पाहवेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, पण रंगांतला फरक ठळक असला तर बाबांना दिसेल. मग सुट्टीच्या दिवशी ती बाबांना आणि त्यांच्या सुरीला घेऊन नव्या ओट्यासाठी दगडांच्या दुकानात गेली. तिथलं सगळं तिने घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, म्हणून मला कळलं. ती प्रत्येक दगडावर सुरी ठेवायची आणि बाबांना उचलायला सांगायची. चकचकीत दगडावर दिव्याची तिरीप बाबांच्या डोळ्यांत जायची. नक्षीच्या दगडात सुरी हरवायची. शेवटी एका फिकट, बिनचकाकीच्या दगडावरून त्यांनी ती झटक्यात उचलली.

‘‘यावर डाग पडतात हो,’’ दुकानदार म्हणाला.

‘‘पडू देत,’’ सून म्हणाली. ‘‘रक्ताचे नकोत म्हणजे झालं.’’

सिंक मात्र तिने गडद रंगाचं घेतलं, पांढऱ्या बश्या त्यात उठून दिसाव्यात म्हणून.

मला उखडून जिन्याखाली टाकलं आणि माझ्या जागी तो फिकट दगड बसवला. धूळ खात पडलो. आपले दिवस भरले असं वाटलं. तेवढ्यात बाथरूमचं काम निघालं. पांढऱ्या भिंतीशी पांढरं बेसिन बाबांना दिसत नसे. चूळ भरली की पाणी जमिनीवर. मला उचलायला आलेल्या गवंड्याकडूनच कळलं, त्याने विचारलं होतं, कोणता दगड आणू?

‘‘जिन्याखालचा काळा घे,’’ बाबा म्हणाले. ‘‘त्याच्यावरचं बेसिन मला दारातून दिसेल.’’

मला कापलं, मधोमध बेसिन बसवलं. आता बाबा सकाळी न अडखळता येतात, तोंड धुतात, मला कोरडं पुसतात.

मित्रांनो, दगड काळा घ्या नाहीतर पांढरा, वाईट कुठलाच नसतो. फक्त निवडायला जाताना, त्याच्यापाशी जो रोज उभा राहणार आहे त्याला बरोबर न्या. आणि त्याला काय दिसतं, ते विचारा.

चला, बाबांचं तोंड धुऊन झालं. मुलगा दारातून विचारतोय, ‘‘बाबा, आज जेवणाचा काय बेत करताय?’’