पायपेटीची वादी

तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर गोरक्षच्या हातातला भात्याचा दांडा थांबला आणि ऑर्गननं अडलेल्या म्हशीसारखा सूर काढला. देवळात उपासनेला जमलेली मंडळी सवयीनं गातच राहिली. ऑर्गनमागच्या लाल पडद्याला एक फट होती, त्या फटीतून वाजवणाऱ्या एस्तेरचा डावा कान दिसायचा, आणि गोरक्षचं लक्ष तिकडे होतं. पलीकडून फळीवर टाचेचे दोन ठोके पडले. त्यानं घाईनं दांडा ओढला. चौथं कडवं दुप्पट जोरानं पार पडलं.

एक ठोका म्हणजे सुरू करा, दोन म्हणजे हवा द्या, तीन म्हणजे पुरे. दोन वर्षांत दोघांमध्ये बोलणं झालं ते एवढंच. मध्ये एक पडदा होता, आणि पडद्यापलीकडे पहिल्याच बाकावर एस्तेरची आई कुसाबाई होती. पडद्याचं एक वेळ काही वाटलं नसतं.

गोरक्ष पेठ गावाकडच्या डोंगरातला, आईबापाविना मिशनात वाढलेला, आता नाशकात मिशनच्याच कारखान्यात सुतार. बाप्तिस्म्यात त्याला योना हे नाव मिळालं होतं, पण तीन दिवस माशाच्या पोटात बसलेल्या माणसाचं नाव कोणाच्या तोंडी बसलं नाही. पुढे तो ऑर्गनच्या पोटाशी अंधारात बसू लागला तेव्हा ते चपखल बसलं असतं, पण तोवर उशीर झाला होता. एस्तेर मुलींच्या शाळेत शिकवायची. तिला मागणी घालावी तर घालायला जाणारं वडीलधारं माणूस नव्हतं, आणि स्वतःच जावं तर दारात कुसाबाई. त्यातून नगरच्या एका कंपाउंडरचं स्थळ आलेलं. त्याचा फोटो कुसाबाईनं साऱ्या वस्तीला दाखवला होता. फोटोत कंपाउंडर औषधाच्या बाटलीसह उभा होता आणि दोघांत बाटली जास्त हसरी वाटत होती. ईस्टरच्या आत होकार कळवायचा असं ठरलं होतं.

त्याच सुमाराला देवळाली कॅम्पातला कुणी साहेब विलायतेला परत निघाला आणि जाताना देवळाला पायपेटी देऊन गेला. ही पेटी वाजवणाराच पायांनी चालवतो, हवा भरायला वेगळा माणूस लागत नाही. पाद्री रावजींनी गोरक्षचे जाहीर आभार मानले आणि त्याला पुरुषांच्या बाजूला खांबाआडची जागा दिली. तिथून कानसुद्धा दिसत नव्हता.

पण पहिल्याच शनिवारी, एस्तेर एकटी सराव करत असताना पेटीच्या पायफळीची चामड्याची वादी तुटली. रविवारी जुन्या ऑर्गनवरची चादर काढली गेली आणि गोरक्ष पडद्याआड गेला. वादी बसवायचं कामही त्याच्याकडेच आलं. हातचं काम वाईट करणं त्याला जमत नसे. सोमवारी त्यानं शेळीच्या कातड्याची चांगली वादी बसवली आणि आपल्या हातानं आपलं नशीब पक्कं शिवून टाकलं.

शनिवारी ती तुटली.

मग त्यानं बैलाचं कातडं दुहेरी शिवून घातलं. तेही पुढच्या शनिवारी तुटलं. आता कारखान्यातले लोक त्यानं केलेल्या खुर्च्यांवर बसण्याआधी त्या हलवून पाहू लागले. रविवारी मात्र ऑर्गन जोरात चालला होता. भाता काठोकाठ भरलेला असला तरी पलीकडून सारखे दोन-दोन ठोके पडत, आणि गोरक्ष घाम पुसत दांडा ओढत राही.

तिसऱ्या खेपेला तो अब्बास टांगेवाल्याकडे गेला. अब्बासनं घोड्याच्या साजातला जुना पट्टा काढून दिला.

"घोडा तुटेल, ये नाय तुटणार," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात शुक्रवारी कुसाबाई कारखान्यात आली. एस्तेरला लाल भोपळा चिरायचाय, घरच्या विळीला धार नाही, तर तुझी चामडं कापायची रापी दे म्हणाली. गोरक्षनं रापी दगडावर घासून, अंगठ्यावर धार बघून, कागदात गुंडाळून दिली.

झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरला आठवडा उरला असताना, उपासनेनंतर पाद्रीबाबांच्या खोलीत पंच बसले. साजाच्या पट्ट्याची, शनिवारी पुन्हा तुटलेली वादी टेबलावर होती. आपल्या मालाची बेअब्रू झाली म्हणून अब्बास न बोलावता आला होता. त्यानं वादीचं टोक उजेडात धरलं.

"ये तुटलं नाय, पाद्रीसाहेब. कापलंय."

सगळे गोरक्षकडे बघू लागले. हिशेब सोपा होता: पेटी बंद पडली की दांडा कोणाच्या हाती येतो? पंचांपैकी एकानं तो बोलून दाखवला आणि असा माणूस पेठला परत गेलेला बरा, असंही सुचवलं. एस्तेर भिंतीशी आईच्या शेजारी उभी होती. तिनं तोंड उघडलं, पण कुसाबाईला आत्ताच काहीतरी आठवलं होतं. तिनं पिशवीतून कागदाची गुंडाळी काढून टेबलावर ठेवली.

"ही तुझी रापी, गोरक्ष. राहूनच जात होती. भोपळा काही आणला नाही हिनं."

कागद उलगडला. पात्याला घोड्याच्या साजाचं काळं पॉलिश लागलं होतं.

पाद्री रावजी रापीकडे, मग वादीकडे, मग एस्तेरच्या तांबड्या झालेल्या कानाकडे बघत राहिले. अब्बासला बाहेर घोडा आठवला, पण तो गेला नाही. गोरक्षनं खाली मान घातली होती. तेवढ्यात फरशीवर टाचेचे दोन ठोके पडले.

त्यानं छातीत हवा भरून घेतली.

"मावशी," तो कुसाबाईला म्हणाला, "नगरला पत्र टाकू नका."

"परवाच टाकलं," कुसाबाई म्हणाली. तिनं मुलीकडे पाहिलं, मग त्या काळ्या पात्याकडे. नगरच्या कंपाउंडरच्या घरातही चामड्याच्या वस्तू असतीलच, असं काहीसं तिच्या मनात आलं असावं. "दुसरं टाकते."

साखरपुडा ईस्टरनंतरच्या सोमवारी ठरला. पाद्रीबाबांची एकच अट होती: पेटी आधी नीट व्हायला हवी. गोरक्ष शेळीच्या कातड्याचा तुकडा घेऊन देवळात आला. एस्तेर पेटीशी बसली होती, कुसाबाई पहिल्या बाकावर. मध्ये पडदा नव्हता.

"रापी द्या," तो म्हणाला.

एस्तेरनं ती दिली; त्या दिवशी टेबलावरून तिनंच ती परत उचलून नेली होती. वादी कापून, बसवून, ओढून बघून त्यानं हत्यारं पिशवीत भरायला घेतली, तेव्हा तिनं हात पुढे केला.

"रापी राहू द्या माझ्याकडे," ती म्हणाली. "संसार आहे. लागेल पुढेमागे."